विश्लेषण : जंगलावर ठेका, मोहफुलांवर बंदी... आदिवासींच्या आजाराची मुळे बाजारात शोधणारे व्हेरियर एल्विन कोण होते?

आदिवासी पाड्यावर कुपोषण किंवा व्यसन जास्त दिसले, की पहिले बोट त्या पाड्याकडेच जाते. यांना स्वच्छता कळत नाही, हे लोक पितात फार, मुलांना काय खाऊ घालावे ते ठाऊक नाही, अशी कारणे शहरातल्या माणसाच्या तोंडी तयार असतात. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात अलीकडे याच्या उलट बाजूने पाहणारी एक संज्ञा रूढ झाली आहे : आरोग्याचे व्यापारी निर्धारक. माणूस काय खातो, काय पितो आणि कशाने आजारी पडतो, हे ठरवण्यात माल विकणाऱ्यांचा, ठेके घेणाऱ्यांचा आणि त्या ठेक्यांतून महसूल मिळवणाऱ्या सरकारचा वाटा किती, हे तपासणे असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनाही आता ही संज्ञा वापरते.

ही संज्ञा येण्याच्या कितीतरी आधी, १९३०च्या दशकात, मध्य प्रांतातल्या एका खेड्यात झोपडी बांधून राहिलेल्या इंग्रजाने गोंड आणि बैगा समाजाबाबत जवळपास हीच मांडणी केली होती. ते डॉक्टर नव्हते. इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र शिकलेले पाद्री होते. त्यांचे नाव व्हेरियर एल्विन. त्यांचे म्हणणे त्या काळात पुण्या-मुंबईतल्या मोठ्या माणसांनाही पटले नव्हते, आणि त्यातला काही भाग आजही वादाचा आहे.

पुण्यात आलेला पाद्री मंडल्याला कसा पोहोचला?

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील आफ्रिकेत सिएरा लिओनला बिशप होते, ते मुलाच्या लहानपणीच वारले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात एल्विन यांनी दोन विषयांत प्रथम वर्ग मिळवला. घरचे वळण पाहता चर्चमध्ये वरच्या पदापर्यंत जाण्याचा रस्ता सरळ होता. पण १९२७ मध्ये ते पुण्यात ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. हिंदी लोकांसोबत त्यांच्यासारखेच राहून ख्रिस्ती साधना करायची, अशी या संघाची कल्पना होती.

पुढच्याच वर्षी साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि एल्विन यांचे आयुष्य फिरले. अंगावर खादी आली, सरकारविरुद्ध लिखाण सुरू झाले. जानेवारी १९३२ मध्ये मुंबईत मणिभवनातून गांधीजींना पहाटे अटक झाली, त्या रात्री एल्विन तिथेच मुक्कामाला होते. सरकारच्या दृष्टीने ते आता संशयित इंग्रज होते आणि चर्चच्या दृष्टीने वाया गेलेला पाद्री.

गरिबांत जाऊन काम करायचे तर आदिवासींत करा, हा सल्ला वल्लभभाई पटेल यांचा. गोंडांचे नाव सुचवले वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी. १९३२च्या जानेवारी अखेरीस एल्विन अमरकंटकजवळच्या करंजिया गावात पोहोचले. हा भाग तेव्हा मंडला जिल्ह्यात होता, आता दिंडोरीत आहे. सोबत पुण्यातले सहकारी शामराव हिवाळे होते. एल्विन यांच्याबद्दल लिहिताना शामरावांचे नाव अनेकदा एका ओळीत उरकले जाते, ते बरोबर नाही. आश्रम, शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची वस्ती, हे सगळे रोजच्या रोज चालवणारा माणूस शामराव होता. गावकऱ्यांसाठी एल्विन बडे भाई होते आणि शामराव छोटे भाई. एल्विन महिनोन्महिने भटकंतीवर जात, तेव्हा मागे कारभार छोटे भाईच पाहत. नर्मदेच्या खोऱ्यातल्या परधान समाजावर शामरावांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले, ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

चरखा का चालला नाही?

दोघे आले होते ते गांधीवादी कार्यक्रम घेऊन. शाळा काढायची, चरखा चालवायचा, दारू सोडायला लावायची. पहिला धक्का चरख्याने दिला. त्या डोंगरात कापूस पिकत नव्हता. बाहेरून कापूस आणून सूत काततील असे लोक तिथे नव्हते, त्यांना त्याची गरजही नव्हती. धर्मप्रसार करायचा नाही, असे एल्विन यांनी ठरवून टाकले होते, त्यामुळे नागपूरच्या बिशपांशी बिनसले. १९३५ मध्ये त्यांनी पाद्रीपण सोडले.

दवाखाना मात्र चालला, कारण त्याची गरज उघड होती. हिवताप घरोघरी होता, एल्विन स्वतः त्याने वारंवार आजारी पडत. त्वचेचे रोग होते, कुष्ठरोग होता. आणि पीक हाती येण्याआधीच्या महिन्यांत भूक होती. क्विनाइन देता येत होते, मलमपट्टी करता येत होती. पण पुढच्या हंगामात तीच माणसे तशीच परत येत. गेल्या वर्षीपेक्षा अशक्त, गेल्या वर्षीपेक्षा जास्त कर्जात. औषधाच्या बाटलीने न सुटणारे हे कोडे एल्विन यांना माणसांच्या आयुष्याच्या अभ्यासाकडे घेऊन गेले. त्यांनी मानववंशशास्त्राची पदवी कधी घेतली नव्हती. शेजाऱ्यांची दुखणी समजून घेताना ते त्या शास्त्राचे अभ्यासक झाले. १९३६ मध्ये करंजियातल्या दिवसांची त्यांची दैनंदिनी पुस्तकरूपाने आली, तीत विनोद भरपूर आहे आणि दारिद्र्यही.

जंगल बंद झाले तेव्हा ताटातून काय गेले?

१९३९ मध्ये एल्विन यांचा बैगांवरचा जाडजूड ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. त्यातला आजही महत्त्वाचा भाग आहे तो बेवर बंदीचा इतिहास.

बैगांची शेती नांगराची नव्हती. धरती ही आई, तिच्या छातीवर नांगर चालवायचा नाही, अशी त्यांची श्रद्धा. उतारावरची झाडे तोडायची, वाळवायची, जाळायची आणि पहिल्या पावसाआधी राखेत बी फेकायचे. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून दुसरीकडे जायचे. यालाच बेवर म्हणतात. एकाच तुकड्यात कोदो, कुटकी, ज्वारी, मका, डाळी, भोपळे अशी मिसळ असे. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागे. त्याला जोड जंगलातल्या कंदांची, पालेभाज्यांची, मधाची, मोहफुलांची, मासळीची आणि शिकारीची. आजच्या आहारतज्ज्ञाला हे ताट दाखवले तर तो भरड धान्य आणि विविध आहार म्हणून कौतुकच करील.

ब्रिटिशांच्या वनखात्याला मात्र त्या उतारावर बेवर दिसत नव्हता, साल दिसत होता. १८६०नंतर देशभर रेल्वे पसरत होती आणि रुळांखालच्या स्लीपरना सालाचे टणक लाकूड उत्तम. जाळलेले प्रत्येक झाड म्हणजे बुडालेला महसूल, असा हिशेब सुरू झाला. १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगलांवर सरकारची पकड घट्ट झाली. बेवर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. बैगांना नांगर हाती धरायला लावले गेले, त्यासाठी उभी पिके नष्ट केल्याच्या घटनाही घडल्या. १८९० मध्ये मंडल्याच्या रामगढ तहसिलीत सुमारे २४ हजार एकरांचा एक तुकडा तेवढा बैगांसाठी राखून ठेवला गेला. बैगा चक ते हेच. ते बाहेरच्या बैगांना पुरणार नव्हते आणि आतल्यांनाही ते मोकळेपणाने वापरता येत नव्हते.

एल्विन यांनी याचा परिणाम दोन्ही अंगांनी मांडला. जंगल बंद झाले म्हणजे ताट आक्रसले, शिकार गुन्हा ठरली, कंद आणायला गेलेली बाई गार्डाच्या मर्जीवर आली. हे झाले पोटाचे. दुसरे त्याहून अवघड. ज्या समाजाची देवकथा, लग्नकार्ये आणि मंत्रतंत्र बेवराभोवती गुंफलेले होते, त्याचे जगण्यातले स्वारस्यच संपत चालले. या अवस्थेला त्यांनी हिंमत खचणे असे म्हटले आणि १९४१ मध्ये बस्तर व मध्य प्रांतातल्या आदिवासींची तुलना करणारी एक पुस्तिका याच विषयावर लिहिली. आज ज्याला आपण मानसिक आरोग्य म्हणतो, ते आदिवासींनाही असते आणि तेही आर्थिक धोरणाने मोडते, हे तेव्हा फारसे कोणी बोलत नव्हते.

दारूच्या ठेक्याचे गणित काय होते?

सर्वांत जास्त वाद झाला तो दारूवरून.

मोहफूल आदिवासींसाठी आधी अन्न आहे, मग दारू. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली पडलेली फुले वेचून वाळवतात, टंचाईच्या महिन्यांत शिजवून किंवा भाजून खातात. त्यातलीच काही आंबवून घरी दारू गाळली जाई, ती सण, लग्न, मयत आणि देवकार्यासाठी. ब्रिटिश अबकारी कायद्यांनी घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि दारू विकण्याचा हक्क लिलावात काढला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. हेतू चोरटी दारू रोखण्याचा होता. पण ज्या फुलांवर वारली, कातकरी कुटुंबे उपासाचे दिवस काढत, ती फुले घरात ठेवणेच धोक्याचे झाले.

ठेक्याचे गणित साधे होते. जो जास्त बोली लावील त्याला दुकान. बोली जास्त लावली की ती वसूल करायला खप वाढवणे आले. आदिवासीच्या हातात रोकड नाही, म्हणून उधारी. उधारीची वसुली पीक आल्यावर धान्याने, मोहफुलांनी, नाहीतर मजुरीने. बऱ्याच ठिकाणी दारू विकणारा आणि कर्ज देणारा एकच माणूस असे. पेरणीला बियाणे द्यायचे आणि कापणीला दिढीने, म्हणजे मणाला दीड मण, परत घ्यायचे, ही पद्धत सावकारीत होतीच. तिला आता दुकानाची जोड मिळाली. घरच्या दारूला मोहाच्या हंगामाची आणि रूढीची मर्यादा होती. ठेक्याचे दुकान वर्षभर उघडे होते, आणि ते जितके चालेल तितका सरकारी तिजोरीचा फायदा होता.

म्हणून १९३७नंतर प्रांतांत काँग्रेसची सरकारे आली आणि दारूबंदीची चर्चा सुरू झाली, तेव्हा एल्विन यांनी आपल्याच गांधीवादी मित्रांच्या विरोधात भूमिका घेतली. आदिवासी भागात ठेके बंद करा, पण घरी गाळण्याची मोकळीक द्या, असे त्यांचे म्हणणे होते. सरसकट बंदीने ठेकेदाराची जागा चोरट्या विक्रेत्याला आणि पोलिसाला मिळेल, तुरुंगात जाईल तो आदिवासी, अशी त्यांना भीती होती. गांधीजींच्या कार्यक्रमापासून ते दूर गेले, त्याची इतरही कारणे होती, पण दारूचा प्रश्न त्यांतला मोठा होता.

इथे एल्विन यांना एक प्रश्न विचारायला हवा. घरची दारूही दारूच असते. ती पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ती ठेक्याची की चुलीवरची, याने फारसा फरक पडत नाही. त्यांच्या लिखाणात मोहाच्या दारूबद्दलचा जिव्हाळा इतका आहे, की ही बाजू मागे पडते. शिवाय आदिवासींनीच दारू नाकारल्याचे उदाहरण त्यांच्या करंजियात येण्याच्या दहा वर्षे आधीचे होते. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू झालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरात आणि खानदेशात पसरली. अंगात आलेली देवी आदिवासींना दारू-ताडी सोडायला सांगत होती, आणि दक्षिण गुजरातेत त्याचा थेट फटका गुत्ते चालवणाऱ्या व्यापाऱ्यांना बसला. ती बंदी सरकारने लादलेली नव्हती. लोकांनी स्वतःवर घालून घेतली होती. या घटनेशी एल्विन यांची मांडणी जुळतेही आणि तिला छेदही जातो.

भात्याखालचे लोखंड कोणी विझवले?

१९४२ मध्ये एल्विन यांनी अगरियांवर पुस्तक लिहिले. अगरिया म्हणजे मातीच्या छोट्या भट्टीत दगडापासून लोखंड गाळणारा समाज. लोहासुर हा त्यांचा देव. त्यांचे लोखंड मऊ आणि टिकाऊ, गावचे शेतकरी फाळासाठी तेच मागत. पण भट्टीवर कर बसला, कोळशासाठी लागणारे लाकूड वनखात्याने अडवले आणि बाजारात कारखान्याचे स्वस्त लोखंड आले, आधी विलायती आणि मग देशी. तिन्ही बाजूंनी कोंडी झाल्यावर भट्ट्या विझत गेल्या, माणसे मजुरीला लागली. कसबी कारागीर भूमिहीन मजूर झाला की त्याचे खाणे, घर आणि दुखणे सगळेच बदलते. एल्विन यांनी इथेही दोष एका कंपनीला दिला नाही. कर, वनकायदा आणि बाजारभाव एकत्र काय करतात, हे त्यांनी दाखवले.

घुर्ये आणि ठक्करबाप्पांना काय पटले नाही?

बैगांवरच्या पुस्तकात एल्विन यांनी उपाय सुचवला होता तो एका प्रकारच्या राखीव प्रदेशाचा. तिथे बेवर करता यावा, घरी दारू गाळता यावी, शिकार करता यावी, आणि व्यापारी, सावकार, ठेकेदार, वकील यांना परवानगीशिवाय शिरकाव नसावा. या उपायासाठी त्यांनी वापरलेला शब्द राष्ट्रीय उद्यानाचा होता, आणि तो त्यांना आयुष्यभर छळत राहिला. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवायचे आहे का, अशी टीका झाली.

अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, यांनी १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत रा. रा. काळे स्मृती व्याख्यान दिले. आदिवासींना अलग ठेवण्याचा विचार त्यांनी त्यात नाकारला. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. दाहोदच्या भिल्लांत त्यांचे काम १९२२ पासून सुरू होते आणि सावकाराचा फास त्यांनीही जवळून पाहिला होता. रोगाचे निदान दोघांचे बरेचसे सारखे होते, औषध वेगळे होते. दूर ठेवून कोणी वाचत नाही, शिक्षण आणि दारूमुक्ती देऊन उरलेल्या देशाच्या बरोबरीला आणावे, ही ठक्करबाप्पांची वाट.

मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून आणखी कडक टीका केली. त्यांच्या मते आदिवासी हे वेगळे कोणी नसून मागासलेले हिंदू होते, आणि शेजारच्या समाजात मिसळणे हाच त्यांचा इतिहास होता. हे पुस्तकही गोखले संस्थेनेच काढले. बाहेरच्या संपर्काने नुकसान होते, हे घुर्यांनी नाकारले नाही. पण त्या नुकसानाचे खापर त्यांनी हिंदू समाजाशी आलेल्या संपर्कावर न फोडता ब्रिटिशांच्या कायदा आणि महसूल पद्धतीवर फोडले. आज मागे वळून वाचताना वाटते, की वादात दोन्ही बाजू एका मुद्द्यावर एकमेकींच्या जवळ होत्या आणि तो मुद्दा भांडणाच्या धुरळ्यात हरवला.

त्यांच्या खासगी आयुष्याचे काय?

एल्विन यांचे चरित्र सांगताना एक गोष्ट टाळून चालत नाही. १९४० मध्ये त्यांनी कोसी या गोंड मुलीशी लग्न केले. ती त्यांच्याच शाळेत शिकलेली, कोवळ्या वयाची होती. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयातून तिच्या अनुपस्थितीत घटस्फोट झाला. एल्विन पुढे नावारूपाला आले, दुसरे लग्न केले. कोसी मंडल्याच्या खेड्यातच राहिल्या आणि पुढचे दीर्घ आयुष्य त्यांनी गरिबीत काढले. बाहेरच्यांनी आदिवासींकडून काय घेतले, याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खात्यात ही नोंद आहे. त्यांच्या आत्मचरित्रात या लग्नाला अगदी थोडी जागा मिळाली आहे.

ईशान्य भारतात त्यांना काय करता आले?

बस्तर आणि ओडिशातल्या कामानंतर १९४६ मध्ये एल्विन भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे उपसंचालक झाले. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि नेहरूंच्या सरकारने त्यांना ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार नेमले. मुक्काम शिलाँगला. मंडल्यात जे कागदावर राहिले त्यातले काही इथे आजमावता आले.

इथे एक आयती व्यवस्था होती. १८७३च्या नियमाने आखलेल्या इनर लाइनमुळे बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय आत जाता येत नव्हते, त्यामुळे सावकार आणि जमीन खरेदीदार यांचा शिरकाव मर्यादित होता. १९५७च्या आपल्या पुस्तकात एल्विन यांनी प्रशासनाला सांगितले, की गिरणीच्या कापडाऐवजी इथल्या हातमागाला बळ द्या आणि घरोघरची तांदळाची बिअर हा अन्नाचाच भाग आहे, तिच्यामागे लागू नका. गाळलेल्या कडक दारूला मात्र त्यांनी इथे पाठिंबा दिला नाही. मंडल्यातल्या एल्विनपेक्षा हा एल्विन थोडा बदललेला होता.

अफूबाबतही ते सावध होते. शेजारच्या आसामात ब्रिटिशांनी १८६०च्या सुमारास लोकांची घरची अफूची लागवड बंद केली आणि सरकारी अफू विकायला काढली होती. मोहाच्या दारूचेच हे दुसरे रूप. घरचे उत्पादन गुन्हा, विकतचे कायदेशीर, आणि नफा तिजोरीत.

१९५९-६० मध्ये आदिवासी विकास गटांची तपासणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, नंतरच्या ढेबर आयोगाचे सदस्यही. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र त्याच वर्षी आले आणि त्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आजच्या कायद्यात या विचाराचे काय उरले?

१९७०च्या दशकात केंद्र सरकारने राज्यांना आदिवासी भागासाठी अबकारीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. व्यापारी दारूविक्री थांबवावी आणि आदिवासींना स्वतःपुरती पारंपरिक दारू करू द्यावी, असा त्यांचा रोख होता. महसूल सोडायला फारशी राज्ये उत्सुक नव्हती, त्यामुळे अंमलबजावणी विस्कळीत राहिली. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला तीन अधिकार एकत्र दिले : नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण, गौण वनोपजावर मालकी आणि सावकारीवर नियंत्रण. जंगल, दारू आणि सावकार, १९३९च्या यादीतले तिन्ही विषय इथे एका कायद्यात आले आहेत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले ते गडचिरोलीत. तिथे दारूबंदीची मागणी गावागावांतून, विशेषतः बायकांकडून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह अनेक कार्यकर्ते त्या चळवळीत होते. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. उठवताना अवैध दारूबरोबर बुडणाऱ्या महसुलाचाही मुद्दा चर्चेत होता. मधल्या काळात गडचिरोलीत आणखी एका मालाने जम बसवला, तंबाखू आणि सुपारी घोटून पुडीत मिळणाऱ्या खर्र्याने. त्याला ना सणाची मर्यादा आहे ना हंगामाची. शाळेच्या वाटेवर तो मिळतो आणि मुलांनाही परवडतो.

मोहाचा हंगाम मात्र तसाच येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे बायका आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, अंगणात फुले वाळत पडतात. घरात रोकड नसते, म्हणून वाळलेली फुले बरेचदा हंगामातच, भाव पडलेला असताना, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला विकावी लागतात. तो ती गोदामात साठवतो. पावसाळ्यात घरातला साठा संपला की त्याच कुटुंबांतले काही लोक तीच फुले वाढीव दराने परत विकत घेतात.